वळणावर बसलेला धक्का

नोकरी संपून बरीच वर्षं झाली. तरी तो प्रसंग मला अजून आठवतो, आणि डोक्याआधी तळहाताला आठवतो.

पनवेल परिसरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा तोंडाला लावतोय, तोच गव्हाणच्या बाजूच्या एका गावातून फोन आला. पिण्याच्या पाण्याची लोखंडी लाईन रस्त्याच्या वळणावर फुटली होती. पाइपाला धरून ठेवणारा सिमेंटचा ठोकळा उखडून तिथे मासळी विकायला बसणाऱ्या बाईच्या पायावर पडला होता. गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

मी पोहोचलो तेव्हा रस्त्यावर चिखल आणि चिखलाहून जास्त माणसं. पंचनामा चालू असतानाच माझ्या खबऱ्यानं मला बाजूला घेतलं. एरवी तो दहा गोष्टी सांगायचा, त्यातल्या आठ बाजारगप्पा.

"सायेब, चावीवाल्या काकाला उचला. सकाली त्यानं दगडानं लाईन ठोकली. मी सोता बगितलंय."

चावीवाले काका म्हणजे गावाला तीस वर्षं पाणी सोडणारा माणूस. वळणावरून पुढे ही लाईन एक किलोमीटरवरच्या गावच्या टाकीत पाणी भरायची. टाकीखाली लाईनच्या शेवटी चाकाचा जुना वॉल्व होता, तो काका फिरवायचे. दोन महिन्यांपूर्वी ठेकेदारानं तो काढून लिव्हरचा वॉल्व बसवला, आपला माणूस नेमला आणि काकांना घरी बसवलं. त्या दिवशी काका ग्रामपंचायतीसमोर ओरडले होते, "ही लाईन फुटनार, लिवून ठेवा!"

कारण मिळालं, साक्षीदार मिळाला, धमकीही मिळाली. दुपारच्या आत काका ठाण्यात होते. गुन्हा इतक्या लवकर उघडकीला आला म्हणून मी खूश होतो, हे कबूल करतो.

"दगडानं का ठोकलीत लाईन?"

"भरलेली हाय का रिकामी, ते आवाजावरनं कलतं सायेब. तीस वर्सं तसाच ठोकतो."

"आणि फुटणार हे आधीच कसं कळलं?"

"तो नवा मानूस लिवर एका झटक्यात बंद करतो. धावतं पानी असं आडवायचं नसतं. मी चाक फिरवायला घेतलं, की पुरं बंद व्हईपर्यंत माजी बिडी संपायची."

मी टेबलावर हात आपटला. तिकडे टाकीवर कोणी वॉल्व बंद करतो आणि इकडे एक किलोमीटरवर पाइप फुटतो? मला काय खुळा समजता, असं विचारलं. आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. काका म्हणाले, "मी जेलात जाईन. पन लिवर तसाच ऱ्हानार. उंद्या आनखी कुनाचा पाय जाईल."

बाहेर बाकावर काकू डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घरी जा म्हटलं तरी हलेनात.

संध्याकाळी दवाखान्यात जखमी बाईचा जबाब घेतला. ती म्हणाली, "काकानं मला दोनदा सांगितलं व्हतं, वलनावर बसू नको, पलीकडं बस. मीच ऐकलं नाय." आमचे हवालदार खूश झाले. "साहेब, म्हणजे त्याचं आधीच ठरलं होतं!" मीही जबाब त्याच समजुतीनं लिहून घेतला.

परतताना जीपमध्ये मात्र मला ते टोचायला लागलं. ज्याला लाईन फोडायची आहे, तो गावभर ओरडून सांगेल? आणि बसणाऱ्या बाईला जागा बदलायला लावेल? ठाण्यात येऊन पंचनामा पुन्हा वाचला. दगडाची खूण फुटलेल्या जागेपासून दोनशे पावलांवर होती. ते अंतर मीच मोजलं होतं, मीच लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ मात्र मीच लावला नव्हता. माझी मलाच चीड आली.

सकाळी अकराला काकांना कोर्टात हजर करायचं होतं. त्याआधी सत्य काय ते शोधायचंच, असं ठरवून मी आठलाच दोन पंच, पाणीपुरवठ्याचे एक इंजिनीअर आणि काका यांना घेऊन वळणावर गेलो. लाईन तोवर दुरुस्त झाली होती. हवालदारांना टाकीवर उभं केलं.

"लिवर अर्धाच उघडायला सांगा," काका म्हणाले. "नायतर परत फुटंल. आनि तुमी हात ठेवा हितं."

मी पाइपावर तळहात ठेवला, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. "बंद कर, एका झटक्यात," मी सांगितलं. हवालदारांचा "केला" हा शब्द ऐकतोय न ऐकतोय, तोच ठण्ण झालं आणि पाइपानं हाताला लाथ मारली. मी दचकून मागे सरलो.

इंजिनीअर म्हणाले, "पाणी उलटं धावत येत नाही, साहेब. दाबाचा धक्का तेवढा पाण्यातून धावतो. रांगेत एकाला ढकललं की शेवटचा पडतो, तसं. भरलेल्या लोखंडी पाइपात किलोमीटरभर जायला त्याला एक सेकंद पुरतो. आणि वळण आलं की तिथे जोर काढतो."

टाकीवरच्या वहीत आदल्या दिवशीची पाणी बंद केल्याची वेळ पाहिली. लाईन फुटल्याची वेळ तीच होती. लिव्हर ओढणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो रडायला लागला. हळू बंद कर, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तपासाचा रोख ठेकेदाराकडे वळवला आणि काकांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल त्याच दिवशी कोर्टात दिला.

काका सुटले. ठाण्याच्या फाटकात मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, चुकलं माझं."

"तुमी बी झटक्यातच बंद केलंत, सायेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर नोकरीत कितीतरी वेळा पहिल्याच दिवशी कारण, साक्षीदार आणि धमकी एकत्र हाती आली. प्रत्येक वेळी मी पंचनामा आणखी एकदा वाचला, आणि आरोपी म्हणून ज्याला आणलं त्याचं बोलणं पुरं ऐकलं. ते ऐकताना डोळ्यांसमोर काकू यायच्या. त्या दिवशी नवरा बाहेर आला, तेव्हा त्यांनी तिथेच बाकावर डबा उघडला. भाकरी आदल्या दिवशीची होती. दोघांपैकी कोणीही तोवर जेवलं नव्हतं.