उजवं मडगार्ड

अयुबमामा पहिल्यापासूनच तापट. तळेगाव ढमढेऱ्यात त्यांच्या गाड्यांचे पत्रे ठोकायच्या शेडला लागून माझं गाड्या रंगवायचं दुकान, त्यामुळं त्यांच्या शिव्या मी रोज फुकटात ऐकल्यात. अलीकडं त्या कमी झाल्या होत्या, कारण ठोकायला गाडीच येत नव्हती. पोचा आला की लोक आख्खा पार्ट बदलतात. त्यांचा मुलगा शाकीर रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर मडगार्डंच काढतो. त्यानं बापासाठी गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती.

"वॉचमन व्हतंय माझं खेटर!" मामा म्हणायचे.

अशात केंदूरच्या पोपटरावांनी टेम्पोतून एक जुनी विलायती गाडी आणली. दोघांपुरती, लांबलचक बॉनेटची, आत लाकडी सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. उजवं मडगार्ड पार फाटलेलं. त्यांना पोराची वरात त्या गाडीतून काढायची होती.

"ही झाली की जुन्या गाडीवाले रांग लावत्याल बघ," मामा मला म्हणाले. शेड टिकायची तर याच कामावर.

आमच्या धंद्यात चांगल्या बाजूचा फर्मा, म्हणजे साचा, काढतात आणि उलटा करून दुसरी बाजू ठोकतात. मामांनी तेच केलं, फाटकं मडगार्ड भंगारात घातलं. नवं चढवलं तर दारापाशी अंगठा जाईल एवढी फट! मामांनी हातोडी भिरकावली, इंग्रजाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दोन्ही बाजूंवरनं तळवा फिरवला.

"नवनाथ, ही बी कुणीतरी हातानंच ठोकलीया रं. दोन्ही बाजू सारख्या न्हाईतच."

त्यांनी पत्रा पुन्हा ठोकला, या खेपेला गाडीच्याच अंगानं. फट गेली. दार लोण्यासारखं लागलं.

पोपटराव आले, समोर उभे राहिले आणि एक डोळा मिटला. "अयुबभाई, उजवं फुगलंय. वरातीत लोक हसत्याल."

मामांनी समजावलं. ऐकतो कोण! पोपटराव माझ्याकडं वळले. "नवनाथ, डावीकडं पुट्टी भर आन् दोन्ही सारखी कर."

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," मी म्हणालो. गाडी पुण्याला गेली.

वरातीत ती चकचकत आली, दोन्ही बाजू एकसारख्या. काम कुणाचं, असं कुणीतरी विचारलं. "पुण्याचं," पोपटराव म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा माझ्या शेजारीच उभे होते.

"बोला की मामा!"

आयुष्यभर गाव डोक्यावर घेणारा माणूस तोंड उघडेना. पोपटरावांपेक्षा मला त्यांचाच संताप जास्त आला. रांग लागायची कुठनं? शेडला कुलूप लागलं.

मागच्या आठवड्यात कारेगावला गेलो, तेव्हा मुद्दाम रांजणगावला शाकीरच्या कंपनीच्या गेटवर थांबलो. मामा खाकी कपड्यांत, मडगार्डं भरलेल्या ट्रकवर चढलेले. माल बघता बघता एकेकावरनं तळवा फिरवत होते.

"नवनाथ, एकातबी फरक न्हाई रं," ते हळूच म्हणाले.

"मामा, एक शिवी तरी हासडा!" मी ओरडलो.

मामा खाली उतरले आणि त्यांनी ट्रकसाठी गेट उघडलं.