ढोरांच्या डॉक्टरचा नायट्रोजन

दिवाळीला चंद्रपूरजवळच्या मूल गावी घरी गेलो की मामा एकदा तरी विचारायचेच, तू तिकडं नेमकं करतो काय. अतिवाहक म्हटलं की त्यांना जांभई यायची. म्हणून एका वर्षी मी सोपं करून सांगितलं. काही स्फटिक असे, की थंड केले की त्यांतून वीज कुठंही न अडखळता वाहते. का वाहते, ते अजून कुणालाच धड कळलेलं नाही. मी अणूएवढ्या टोकाची सुई त्यांच्याजवळ नेतो आणि न टेकवता एकेक अणू चाचपत बसतो. थंड करायला म्हणाल, तर ढोरांचा डॉक्टर गाय भरवायला येताना वळूच्या वीर्याच्या नळ्या ज्यात बुडवून कॅनमधून आणतो, तो द्रव नायट्रोजनही पुरतो. एमआरआयच्या मशीनमध्येही अतिवाहक तारच असते, ही भर मीच घातली. ती तार जुन्या जातीची, तिला हेलियमच लागतं, हे सांगेपर्यंत मामा चहाला उठले होते.

गेल्या हिवाळ्यात बाबांचे पाय एकाएकी बधिर झाले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मणक्यात काहीतरी दबतंय म्हणून आजच एमआरआय करा सांगितलं. उशीर झाला तर चालणं कायमचं जाईल म्हणाले. जवळच्या केंद्रात गेलो तर मशीन बंद. हेलियम उडून गेलेलं, नवीन कधी येईल ते कुणी सांगेना. तिथल्या माणसानं मला दाबाचा काटा दाखवला. मला सगळं कळत होतं आणि त्या कळण्याचा काडीचा उपयोग नव्हता. नागपूरला जायला गाडी सांगितली आणि वाट पाहत बसलो.

तेवढ्यात, मशीन थंड करायचं संपलंय एवढं फोनवर ऐकून, मामा गोंडपिपरीहून मोटरसायकलवर आले. मागे दोरीनं करकचून बांधलेला नायट्रोजनचा कॅन. ढोरांच्या डॉक्टरच्या हातापाया पडून आणला होता.

"घे बाबू, पुरा भरून हाये. लाव मशीनले."

मी त्यांना समजावत बसलो. या तारेला नायट्रोजन म्हणजे चुलीवरचं आधणच. ज्यांना तो पुरतो ते माझे स्फटिक खापरीसारखे ठिसूळ, त्यांचं मशीन अजून कुठल्या दवाखान्यात आलेलं नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुह्यं ते कधी येईन?"

माहीत नाही म्हणालो. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॅन सावलीत नेऊन ठेवला. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

गाडी आली. बाबांना आडवं केलं, मी त्यांच्या पायांशी बसलो. चंद्रपूर मागे पडल्यावर ते म्हणाले,

"बाबू, जरा पाय दाबून पाह्य. काई समजते का पाहू."

मी कधीचा दाबतच होतो.