रिकाम्या सीटवरचा ब्रेक

मिस्त्रींच्या नाकावर राग कायम असायचा, पण रोपवाटिकेचा छोटा ट्रॅक्टर तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात आला तेव्हा तळपायाची आग थेट मस्तकात गेली. मागच्या डाव्या चाकातून तेल गळत होतं, ब्रेक तापून करपल्याचा वास सुटला होता. दोनदा तेल अडवणारं नवं सील बसवलं आणि दोन्ही वेळा ये रे माझ्या मागल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी खापर ड्रायव्हरवर फोडलं होतं. "हा लांब्या पेडलवर पाय ठेवूनच हाकतो. ब्रेक तापणार नाही तर काय?" सगळ्यांदेखत, चांगला आवाज चढवून. लांब्या बिचारा "चाक उचलून हाताने फिरवून तर बघा" म्हणत राहिला. पण मिस्त्रींना मशीन शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. रोपवाटिकेच्या बाईंनी त्यांच्या शब्दावर अकरा वर्षं राबलेल्या माणसाला घरी बसवलं.

आज बाई स्वतः चालवत आल्या होत्या.

"मिस्त्री, मी पेडलच्या वाटेलाही गेले नाही. आता मलाही घरी बसवायचं का?"

पुटपुटत मिस्त्रींनी जॅक लावला. चाक अधांतरी झालं. सीटवर चिटपाखरू नाही, तरी चाक हाताने फिरेना. पेडल दाबून पाहिलं. लागण्याआधी ते बोटभर सैल जायला हवं, इथे सैलपणा औषधालाही नव्हता. म्हणजे ब्रेक चोवीस तास आवळलेला. आवळला कोणी? लांब्या "ब्रेक लागत नाही" म्हणत आला की दर वेळी ह्यांनीच ब्रेकचा नट आणखी एक फेरा कसला होता. मुळात गळक्या तेलाने ब्रेकचे लायनर भिजले, म्हणून ब्रेक घसरायचा. कसला की तापायचा, तापला की नवं सील करपायचं आणि पुन्हा तेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर पाना घेऊन उकिडवा बसलेला. मिस्त्रींना स्वतःची इतकी चीड आली की शिवी द्यायलाही कोणी उरलं नाही.

लायनर बदलले, सील बदललं, नट सैल केला. चाक एका बोटाने फिरलं.

"बाई, चूक माझी."

"मला काय सांगता? ट्रॅक्टरची चावी अजून त्याचीच आहे. पण मी गेले तर तो दार उघडायचा नाही. तुम्ही जा."

लांब्या बियाण्यांच्या दुकानात पोती उतरवत होता. मिस्त्री त्याच्या कानाशी लागले. "अरे, तुझा पाय नव्हता. माझ्याच हातून झालं. बाईंनी परत बोलावलंय."

लांब्याने पाठीवरचं पोतं थप्पीला लावलं. "मिस्त्री, त्या दिवशी तुमचा आवाज रस्त्यापलीकडे गेला होता. आज शेजारच्या हमालालाही ऐकू येत नाही."

हमाल थांबले. दुकानदारानेही मान वर केली. मिस्त्रींनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा सांगायला सुरुवात केली.