डॉक्टरांनी लिहून दिलेली पोळी

मुलगी पाहायला गेलो होतो, त्या दिवशी आग्रहानं जेवायला बसवलं आणि पहिली पोळी संपते न संपते तोच मी भात मागितला. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या खेड्यात जेवण म्हणजे भात. पोळी असलीच तर बाजूला, पाहुण्यासारखी अंग चोरून बसलेली. पण गोंदियातल्या त्या घरात माझ्या तोंडून ‘भात’ हा शब्द निघाला आणि वाढणारीचा हात हवेतच थांबला. समोर बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जावर सही राहून गेलेल्या माणसाकडे कारकून पाहतो तसं पाहिलं.

“भात शेवटी,” ते म्हणाले. “भातानं पोट भरते जी. पोळीनं माणूस उभा राहते.”

मी त्यानंतर मुकाट्यानं पाच पोळ्या खाल्ल्या आणि उभा राहताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मुलगी त्यांनी तरीही दिली. मात्र जवाई भातखाऊ निघाला, ही रुखरुख त्यांनी शेवटपर्यंत जपली.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, कधी सोडायचं, याची पत्रं त्यांनी सबंध नोकरीभर लिहिली. जिल्ह्यातल्या निम्म्या भाताला त्यांच्या अक्षरानं पाणी पाजलं असेल, आणि त्याच भाताबद्दल या माणसाच्या मनात मायेचा एक थेंब नव्हता. भात म्हणजे पाणी, भात म्हणजे झोप, भात म्हणजे गावाकडचे लोक. मी जेवून जांभई दिली की ते वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारत. “पाह्य गं, तुया नवऱ्यातला भात बोलून राहिला.”

पोळी कशी असावी याचे त्यांचे नियम होते. तव्यावर फुगली पाहिजे, ताटात पडताना वाफ सोडली पाहिजे, तूप वरून दिसलं पाहिजे. लग्नातल्या पंगतीत ते आधी टोपलीत बोट घालून पाहत. पोळी गार निघाली तर त्या लग्नाचं भविष्य ते तिथंच सांगून टाकत. त्यांनी सांगितलेली दोन लग्नं खरंच मोडली, त्यामुळे भंडाऱ्यापर्यंतचे आचारी त्यांना ओळखून होते.

हा सगळा तोरा कशाचा, ते मला फार उशिरा कळलं. एकदा पोळ्याच्या सणाला ते सहज बोलून गेले. त्यांच्या लहानपणी घरात गव्हाचं पीठ वर्षातून दोनदा मळलं जायचं, एक पोळ्याला आणि एक दिवाळीला. एरवी सकाळी भाताची पेज, दुपारी भात, संध्याकाळी सकाळचाच भात. गावात तहसीलचा माणूस आला की पाटलाच्या घरून पोळीचा वास यायचा आणि ही पोरं त्या बाजूनं उगाच दोन चकरा मारायची. “नोकरी लागली ना जवाईबापू, तवा पहिल्यांदा गव्हाचं पोतं आणलं. माय त्या पोत्याले टेकून बसली होती दिवसभर.” एवढं सांगून त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, “तुम्ही भातच खाऊन राहिले काऊन? घ्या ना पोळी.”

सासूबाई गेल्यानंतर मामाजी आमच्याकडे राहायला आले आणि दोन वर्षांत वाळत चालले. पोट सारखं बिघडायचं. रक्तवाढीच्या गोळ्या डबाभर खाऊनही रक्त वाढेना. सदऱ्याची गळपट्टी सैल पडली, मग घड्याळ मनगटावरून घसरून कोपराला भेटायला जायला लागलं. नातेवाईक बघायला येत आणि मोठा रोग ठरवून, त्याचं नाव न घेता, चहा पिऊन जात. वंदना स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडायची. मामाजी मात्र म्हणत, “पोळ्या कमी पडून राहिल्या. दोन वाढव.”

इथं माझा प्रवेश होतो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हे वाक्य मी अभिमानानं लिहायचो, आता नाइलाजानं लिहितो. फोनवर आलेला एक मजकूर मी वाचला, त्यात गहू न पचणाऱ्या माणसांची हकीकत होती आणि लक्षणं मामाजींना शिवून दिल्यासारखी बसत होती. मी त्याच दिवशी घरात जाहीर केलं, गहू बंद. मामाजींनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी भाताला हात लावला. दोन महिन्यांत पोट ताळ्यावर आलं, गालावर थोडं मांस आलं. मी वर्गात असतो तसा घरात फिरायला लागलो, हात मागे बांधून.

मग आम्ही पक्की तपासणी करायला नागपूरला गेलो. पोटाच्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या, म्हणून मी मास्तर आहे हे त्यांना आल्या आल्या सांगून टाकलं. रक्त घेतलं, अहवाल आला, सगळं साफ. सिलिॲक, म्हणजे गहू न पचण्याचा आजार, नाही. मामाजी खुर्चीतच ताठ झाले. “मी म्हनत नव्हतो? पोळीचा काही गुन्हा नाही.”

बाईंनी अहवाल पुन्हा पाहिला आणि विचारलं, “पोळी चालू आहे ना यांची?”

“छे!” मी म्हणालो. “दोन महिने झाले बंद करून. मीच बंद केली.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सर, गहू पोटात असेल तरच शरीर त्याच्याशी भांडतं, आणि ते भांडण आम्ही रक्तात शोधतो. तुम्ही दोन महिने आधी भांडण मिटवलं आणि आता आम्हाला साक्षीदार मागता. काय शिकवता तुम्ही?”

“गणित,” मी म्हणालो.

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी गोंदिया स्टेशन येईपर्यंत अंगावर वागवलं.

उपाय एकच होता. दीड महिना रोज दोन पोळ्या खायच्या, मग पुन्हा रक्त, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायचा. बाईंनी कागदावर तसं लिहून दिलं. तो कागद मामाजींनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत दाखवायला सुरुवात केली. “डॉक्टरनं लिहून देली. रोज दोन. नागपूरची डॉक्टर आहे.” आमच्या समोरचा राइस मिलवाला हिंदीत म्हणाला, “दादाजी, ऐसा डॉक्टर मेरे को भी बताओ.” आठवडाभर मामाजींएवढा सुखी रुग्ण विदर्भात नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात पोट पुन्हा बिघडलं. तिसऱ्यात ते भिंत धरून चालायला लागले. वंदना रोज दोन पोळ्या लाटायची, तूप लावायची, ताट ठेवायची आणि आत निघून जायची. आपल्या बापाला काय वाढतोय हे माहीत असताना पोळी फुगवायची, हे काम माझ्यामुळे तिच्या वाट्याला आलं होतं. एकदा मी म्हणालो, “जाऊ दे, नको ती तपासणी. गहू बंद ठेवू, झालं.” तर मामाजीच म्हणाले, “असं नाही जवाईबापू. बिनसहीचा कागद मी कधी पुढं नाही पाठवला. पोळी सोडायची तर हुकूम पाहिजे.” आणि घाम पुसत पुसत दुसरी पोळी संपवली.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते शेवटच्या पोळीपाशी बराच वेळ बसले. अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या ताटात टाकली. “घ्या. तुमाले कधी आवडली नाही, पन घ्या.” मी खाल्ली. गार झाली होती. त्यांनी बोट लावून पाहिलं नाही.

हुकूम आला. सिलिॲकच. मोठा रोग नाही म्हणून वंदना दवाखान्याच्या जिन्यात बसून हसली आणि रडली. मामाजींनी अहवाल दोनदा वाचला, खालची सही तपासली आणि तेव्हापासून त्यांनी गव्हाचा कण तोंडात घातला नाही.

आम्हाला वाटलं, भाताच्या जिल्ह्यात गहू सोडणं म्हणजे काय, डाव्या हातचा मळ. तीन महिने भातवरण खाऊनही त्यांचं पोट दुखतच राहिलं. शेवटी मामाजींनी फायली चाळाव्या तसे स्वयंपाकघरातले डबे चाळले आणि चष्मा कपाळावर चढवून हिंगाची डबी माझ्यासमोर आपटली. “वाचा, विज्ञानवाले.” त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. मीच रोज सकाळी वरणाला हिंगाची सढळ फोडणी घालून देत होतो, पश्चात्ताप म्हणून.

त्यानंतर घरात मामाजींचं राज्य आलं. पोळीचा तवा आणि पोळपाट कागदात गुंडाळून माळ्यावर गेले. चक्कीवर गव्हामागून तांदूळ दळला तर पिठात गहू येतो, हे कळल्यावर त्यांनी चक्कीवाल्याची अशी उलटतपासणी घेतली की त्यानं हात जोडले. मग घरीच छोटं यंत्र आलं आणि मामाजी स्वतः तांदूळ दळायला लागले. लग्नाला जाताना ते भाताचा डबा काखेत मारून जात. आचारी त्यांना पाहून पूर्वीही घाबरत, आता पळत.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मात्र कठीण होता. रवा गव्हाचा, आणि प्रसादाला नाही म्हटलं की लोक देवाच्या वतीनं रुसतात. त्यांची बहीण, आमची आत्याबाई, दरवेळी द्रोण पुढं करून म्हणायची, “एवढ्याशानं कोन मरते रे भाऊ?”

“मरत नाही बाई, तीच तर पंचाईत आहे,” मामाजी म्हणायचे. “मेलो असतो तर तुले समजलं असतं.”

आणि भात? आमच्या शेतातला तांदूळ, ज्याला त्यांनी वीस वर्षं पाणी म्हटलं, त्याची पोती ते आता स्वतः गावी जाऊन निवडायचे. मूठ नाकाशी नेऊन वास घ्यायचे. तांदळाची भाकर कशी फुगावी याचे नवे नियम निघाले. मैत्रिणीकडे पोळी खाऊन आलेल्या माझ्या मुलीला ते सांगायचे, “गव्हानं झोप येते बेटा.” मी एकदा न राहवून म्हणालो, “मामाजी, पोळीनं माणूस उभा राहते ना?” त्यांनी भाताचा घास सावकाश संपवला. “उभा राहिलो ना मी. मंग बसलो. आता काय जनमभर उभंच राहू?”

त्या दीड महिन्याचा विषय मी कधी काढला नाही. माफी मागायची म्हणून दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो आणि पंखा नीट चालतो का, एवढं पाहून परत आलो. शेवटच्या पावसाळ्यात, ओसरीत तांदूळ निवडताना, तेच बोलले. “जवाईबापू, तुमच्या गलतीनं मले दीड महिना पोळी भेटली. नाही तर तसाच गेलो असतो, शेवटची कोनती हे माहीत नसताना.” मी वर पाहिलं. ते खडा शोधत होते. टोमणा होता की आभार, हे मला अजून सांगता येत नाही. त्यांच्या बाबतीत दोन्हीची चव एकच असायची.

गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि तिथंच गेले. हृदय थांबलं. पोटाची काहीच तक्रार नव्हती.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांचं पहिलं पान मांडायचं होतं. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. आंब्याचा रस झाला, भात झाला, वरण झालं. मग वंदना स्टुलावर चढली, माळ्यावरून कागदाचं गाठोडं काढलं आणि तवा घासायला बसली. थोड्या वेळानं पानावर दोन पोळ्या आल्या. गरम, फुगलेल्या, वरून तूप दिसणाऱ्या.

माझ्यातला विज्ञानशिक्षक अजून मेलेला नाही. “अगं,” मी म्हणालो, “पोळी? त्यांना तर...”

तिनं पानाभोवती पाणी फिरवलं, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बाबांना आता सगळं पचते. तुमचा सल्ला तेवढा पानात वाढू नका.”