नुसत्या स्प्रिंगा

गॅरेजमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण गाडीची उंची कमी करून ती खाली बसवायची म्हणून कोणी आलं, की हा आधी त्याचा तास घ्यायचा. एका हातात स्प्रिंग, दुसऱ्या हातात शॉकअप. "ही उसळते, हा तिची उसळी जिरवतो. दोघांचा संसार आहे. एकीला आखूड करायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, तू आहेस तसाच राहा. किती दिवस टिकणार?" गिऱ्हाईक हसायचं, मास्तर हसायचा नाही. नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी चार बोटं खाली येते, दिसते झकास. पण जुन्या शॉकअपला हलायला जागा उरत नाही. तो लवकर मरतो आणि मग प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या कण्यात. म्हणून गाडी एक तर आहे तशी ठेवा, नाहीतर स्प्रिंगा, शॉकअप, रबरं, सगळा संच बदला. सत्तावीस वर्षं तो हेच सांगत आला होता.

त्याला वाढवलं ताईने. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई एकोणीस. तिने मोज्यांच्या कारखान्यात काम धरलं, सांगून आलेली दोन स्थळं परत पाठवली, आणि भाऊ हाताला काम शिकून उभा राहिल्यावरच लग्न केलं. भाऊजी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत कारकून होते. मोजकं बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. मूलबाळ झालं नाही. छत्तीस वर्षं ते कचेरीच्या बसने गेले आणि बसने आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहा वर्षं जुनी एक निळी गाडी घेतली आणि ती घेऊन मास्तरच्या दारात उभे राहिले.

"मला ही जमिनीला टेकल्यासारखी हवी," ते म्हणाले.

मास्तरला आधी थट्टाच वाटली. पण भाऊजी थट्टा करत नसत.

"भाऊजी, ताईची हाडं ठिसूळ झालीत. डॉक्टरांनी काय सांगितलंय? तिला उठबस करायला उंच गाडीच बरी."

"ती मागे उशी घेऊन बसेल. बोलणं झालंय आमचं."

"मग सगळा संच बदलू. माल यायला तीन आठवडे लागतील."

"येत्या शनिवारी जुन्या कचेरीतली मंडळी जमणार आहेत," भाऊजी म्हणाले. साठीचा माणूस, पण चेहरा एवढासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन. "अरे, या माणसाने आजवर स्वतःसाठी काही मागितलं नाही रे. शर्टाचा रंगसुद्धा मीच निवडते. तुझा नियम एकदा बाजूला ठेव की." ताईने त्याच्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं. मास्तर विरघळला.

गुरुवारी गाडी रॅम्पवर चढवली, चाकं उतरवली. मागचा डावा शॉकअप तेलाने ओला झाला होता, त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला होता. आतलं सील गेलं होतं. दुसरं कोणी असतं तर मास्तरने त्याला हाताला धरून रॅम्पखाली आणलं असतं आणि बोट लावून दाखवलं असतं. भाऊजी दाराशी मागे हात बांधून उभे होते, लग्नघरी जेवणाची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखे. आता बोललो तर काम थांबणार, शनिवार जाणार, ताईचा पुन्हा फोन येणार. वाद घालून घालून मास्तर कंटाळला होता. पुढच्या महिन्यात बघू, असं तो मनाशी म्हणाला, फडकं घेतलं, शॉकअप स्वच्छ पुसला आणि नव्या स्प्रिंगा बसवल्या.

शनिवार छान पार पडला. भाऊजींनी गाडीसोबत काढलेले अकरा फोटो पाठवले.

पाच आठवड्यांनी एका दुपारी दोघं पडद्यांचं कापड आणायला निघाली. पाण्याच्या टाकीजवळ पाइपसाठी रस्ता खणला होता आणि वर नुसती खडी लोटली होती. भाऊजींनी आयुष्यात चाळिसाच्या वर वेग नेला नव्हता, तेव्हाही गाडी हळूच होती. मागचं चाक खडीत उतरलं आणि गाडीचा मागचा भाग खाली आदळला, घण बसावा तसा. ताई "आई गं" एवढंच म्हणाली.

पाठीचे दोन मणके चेपले होते. तीन महिने अंथरूण, कमरेला पट्टा, आणि पाठ पुन्हा सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"हे मी केलं," भाऊजी भेटेल त्याला सांगत. नर्सला, शेजाऱ्यांना, दूध घालणाऱ्या बाईला. "मास्तर नको म्हणत होता. मीच हट्ट केला." मास्तर शेजारी उभा राहून ऐकायचा. माल मागवून त्याने पूर्ण संच बसवून गाडी पहिल्या उंचीवर आणून दिली. भाऊजी त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत.

दोन महिन्यांनी, ताई एकटी असताना, त्याने सांगून टाकलं. "ताई, तो शॉकअप आधीच गेला होता. मी पाहिलं होतं. पुसून टाकलं."

ती छताकडे बघतच म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी तुला काही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यांना सांग. मला घास भरवतात ना, तेव्हासुद्धा मान वर करत नाहीत."

भाऊजी स्वयंपाकघरात पेले विसळत होते. मास्तरने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"कुठल्या बाजूचा?" भाऊजींनी विचारलं.

"मागचा डावा."

"ती तिथेच बसली होती." त्यांनी नळ बंद केला. "एक शब्द बोलायचास. मी ऐकलं असतं."

ऐकलं असतं का, हे मास्तरला आजही माहीत नाही.

भाऊजी भांडले नाहीत, येणंजाणंही तोडलं नाही. फक्त त्या दिवसापासून ते मास्तरला 'तुम्ही' म्हणू लागले. "या, बसा. चहा घेणार?" अंतर ठेवायला एवढं पुरलं. पण ताईशी ते पुन्हा पहिल्यासारखे बोलू लागले, तिच्या डोळ्यांत बघून, आणि एकदा तर तिच्या वाकण्यावरून तिनेच केलेल्या विनोदाला हसलेही. मास्तरने ते दारातून पाहिलं आणि आत न जाता परत फिरला.

वाकलेल्या पाठीने ताईचा श्वास कोंडत गेला. चौथ्या वर्षी थंडीत छातीत कफ भरला आणि आठ दिवसांत ती गेली. भाऊजींनी घर आवरलं आणि ते दुसऱ्या गावी पुतण्याकडे राहायला गेले. मास्तरने त्यांच्या बॅगा बसमध्ये चढवून दिल्या. "पोचल्यावर कळवा," तो म्हणाला. भाऊजींनी कळवलं, सुखरूप पोचलो म्हणून. त्यानंतर काही नाही.

मास्तर अजून काम करतो. पण गाडी खाली बसवायचं काम घेत नाही, ना नुसत्या स्प्रिंगांचं, ना पूर्ण संचाचं. का म्हणून विचारलं तर "जमत नाही" म्हणतो आणि पान्याकडे वळतो. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस घुमा आहे.