ऊन अडवणारी बाई

प्रसिद्ध माणसं अचानक समोर आली की माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं. लग्नाआधी आम्ही नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये राहायचो. तिथे एकदा नाटकातल्या एका नावाजलेल्या विनोदी नटाची गाडी पंक्चर झाली. लोकांना पोट धरून हसायला लावणारा माणूस रस्त्याच्या कडेला घाम पुसत उभा, आणि मी त्याला म्हणाले, "पंक्चरवाला जेवायला गेलाय." पुढे एका दवाखान्यात शेजारी मोठी गायिका येऊन बसली. तिला मी सुनावलं, "तुमचा नंबर माझ्यानंतर." घरी येऊन स्वतःवरच चरफडत बसले.

त्यामुळे लग्न होऊन गिरीजला सासरी आल्यावर, आमच्याच वाडीत शूटिंग होणार आणि 'ती' येणार हे कळलं, तेव्हा ठरवलं, या वेळी बोलायचंच. ती आता सिनेमात गाजत होती, पण मला आठवत होती तिची जुनी मालिका. वडील गेल्यावर आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. ती मालिका लागली की आई हसायची. आठवड्यातून तेवढंच. हे तिला सांगायचं होतं, बस्स. भाकऱ्या थापताना, भांडी घासताना मी तेच घोकत होते. धड बसवत नव्हतं, धड उभं राहवत नव्हतं.

नेमकी त्याच सुमाराला केळी पिकली. सासूबाई दर उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून अंगणात चटयांवर सुकेळी वाळत घालायच्या. संध्याकाळी झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. मधे ऊन चुकलं की आंबलीच. शूटिंगच्या आदल्या दिवशीच त्यांनी चटया मांडल्या होत्या. शूटिंगवाले ओळखीतून आले होते, नवऱ्याने हो म्हणून टाकलं होतं. पिकलेली केळी कुणासाठी थांबतात?

सकाळी माणसं आली आणि त्यांनी बांबूंवर भलंमोठं पांढरं कापड ताणलं, तिच्या चेहऱ्यावर ऊन नको म्हणून. सावली थेट चटयांवर. मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "दहा मिनिटं, मॅडम." असं तो दुपारपर्यंत म्हणत होता. सासूबाई ओट्यावर बसून एकटक चटयांकडे पाहत होत्या. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते, तरी हट्टाने सगळं त्यांनीच सोललं होतं. चटया हलवायला दुसरी मोकळी जागा नव्हती, सगळीकडे वायरी.

"पोरी, केळी आंबतील," एवढंच म्हणाल्या.

मी तरातरा गेले. ती कापडाखाली खुर्चीत बसली होती, हातात शहाळं. माझ्याकडे बघून हसली. इतके दिवस जिच्यासाठी वाक्य साठवलं ती हातभर अंतरावर, आणि मी म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा. आमचं ऊन अडतंय."

ती चटकन उठली. "सॉरी हं," म्हणाली आणि तिने स्वतःच कापड काढायला सांगितलं. मॅनेजरचं तोंड उतरलं. तासाभरात सगळा लवाजमा पलीकडच्या वाडीत गेला, तो परत आमच्याकडे आलाच नाही. मी मागच्या दारी जाऊन रडले. रागाने रडले, केळ्यांवरच्याही आणि स्वतःवरच्याही.

सुकेळी छान झाली. सासूबाईंनी ती केळीच्या सुक्या सोपटात बांधली आणि एक पुडी वेगळी काढून फळीवर ठेवली. अंगणात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि ती बाई तशीच गेली होती. पाऊस सुरू झाला तरी पुडी तिथेच. ती येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी फाटकाकडे बघायचे.

एकदा चहाच्या वेळी त्यांनी ती पुडी खाली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू खा. तुझ्या आयला हसवायची ना ती? तुला तिला सांगायचं होतं. माझ्या केळ्यांपायी राहिलं."

मी हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. भांडी घासताना मोठ्याने घोकत होते, तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात त्या उठू शकल्या नाहीत, नंतर राहिल्याही नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता मना सांग, तुझी आय हसायची कशी?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं.