नऊ इंचांची दुमड

बाळांनो, मनीषनगरच्या घराला मागच्या महिन्यात नवे पडदे लावले. फोनवर तुम्हांला दिसले ना, राखाडी, जमिनीपर्यंतचे, तेच. ते शिवताना जे झालं ते तुमच्यासाठी लिहून ठेवते.

तुमचे आजोबा वीजकेंद्रात इंजिनिअर होते. तीन-चार वर्षांनी बदली, नवी कॉलनी, नवं क्वार्टर. दोन क्वार्टरांच्या खिडक्या कधी सारख्या नसत. म्हणून पडदे शिवताना मी खाली नऊ इंच कापड दुमडून ठेवी. खिडकी उंच मिळाली की दुमड थोडी उसवायची. उसवण्याचं काम तुमच्या बाबाकडे असे. कापड न ओढता तो एकेक टाका काढी. आतलं कापड कोरं हिरवं निघे, वरचं उन्हाने विटलेलं. बदल्या होत होत कोराडीच्या कॉलनीत पोचेपर्यंत त्या पडद्यांवर हिरव्याचे तीन आडवे पट्टे झाले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, असं तीनरंगी कापड कुठे मिळालं? मी सीताबर्डीच्या बाजाराचं नाव सांगून मोकळी झाले.

हे घर घेतलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, आता इथे दुमड नको. पण आधी कपाटं, मग त्यांचं आजारपण. पडदे राहूनच गेले. ते गेल्यावर तुमचा बाबा म्हणू लागला की घर विकून कायमची आमच्याकडे ये. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेच हिरवे पडदे अर्ध्या खिडकीवर लोंबत राहिले.

शेवटी उन्हाळा तोंडावर आला तेव्हा पडदे शिवणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या पारशिवनीच्या, बोलायला मोकळ्या. वर स्टीलच्या रिंगा, मागे अंधार करणारं अस्तर, सगळं ठरलं. रॉडपासून जमिनीपर्यंतची मापं मी कागदावर नीट लिहून दिली. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकू, खाली नऊ इंच काहून? आता कुठं बदली होऊन राहिली तुमची?"

सवयीने लिहिलं गेलं, असं मी म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. बदलीची ऑर्डर यायची असावी, तशी मी या घरात राहत होते.

"घर तं तुमचंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी चहा ठेवायला आत गेले. आधण उकळून निम्मं झालं तरी तिथेच उभी होते. बाहेर येऊन नऊ खोडलं, दोन लिहिलं आणि खोडलेल्या जागी सही केली. खाडाखोड केली की सही करायची, ही मी शिकवत असे त्या शाळेची शिस्त.

पडदे लागले त्या रविवारी तुमच्या बाबाला ते फोनवर दाखवले. रंगाबद्दल, रिंगांबद्दल तो काहीच बोलला नाही.

"आई, दुमड किती ठेवलीस?"

"दोन इंच."

 तो म्हणाला, मग आम्हीच तिकडे येतो, मे महिन्याची तिकिटं बघतो. मेमधलं ऊन तुम्हांला सोसायचं नाही, हे मी त्याला सांगितलं. पण येणारच असाल तर तुमच्या खोलीचं अस्तर मी दुहेरी लावून घेतलं आहे. दुपारी झोप लागेल.